पडद्यावरचा बैल, कागदावरचा बैल

व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाच्या अखेरीस जेलर आदिनाथ शेतात घुसवलेल्या बैलांना अंगावर घेतो आणि त्यातच त्याचा अंत होतो. या प्रसंगाच्या चित्रीकरणात शांताराम स्वतः एका खऱ्या बैलाशी झुंजले, त्यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि दृष्टी जाते की राहते अशी वेळ आली. ही हकिगत मराठी वाचकाला ठाऊक आहे. शांतारामांनी ती स्वतः सांगितली आहे, चित्रपटेतिहासकारांनी ती पुनःपुन्हा लिहिली आहे आणि ‘नवरंग’ (१९५९) या पुढच्या चित्रपटाची कल्पना त्या पट्टी बांधलेल्या दिवसांशी जोडली जाते. चित्रपटाला बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. बैलाशी झुंज घेऊन अस्वल मिळवणारे शांताराम बहुधा एकटेच!

या हकिगतीत बैल मात्र कुठेच नाही. तो कोणाचा होता, त्याला कसे चिथावले, झुंजीनंतर त्याचे काय झाले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर या सांगोवांगीत सापडत नाही. ते कोणाला विचारावेसेही वाटलेले नाही. याचा दोष शांतारामांवर ठेवण्याचा हेतू नाही; त्यांनी स्वतःचा डोळा पणाला लावला होता. मुद्दा नोंदीचा आहे. मराठी चित्रपटाचा इतिहास आपण नटांच्या, दिग्दर्शकांच्या, गीतकारांच्या आणि अलीकडे तंत्रज्ञांच्याही नावांनी लिहितो. ज्या जनावरांच्या पाठीवर, खांद्यावर आणि खुरांवर आपला ऐतिहासिक आणि ग्रामीण चित्रपट उभा राहिला, त्यांची नोंद सुरू होते ती एकविसाव्या शतकात, आणि तीही कलेच्या इतिहासात नव्हे, तर सरकारी अर्जात. प्रस्तुत लेख त्या अर्जाविषयी आहे.

सुरुवातीच्या काळात दोन परंपरा शेजारी-शेजारी दिसतात. दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’मधला (१९१९) कालिया हा बनवलेला नाग आहे. पौराणिक चित्रपटाला खरा प्राणी फारसा उपयोगी नसतो. शेषाला हजार फणा हव्यात, हनुमानाला समुद्र ओलांडायचा असतो. फाळक्यांचे यंत्रकौशल्य तिथे कामाला आले आणि नकळत प्राण्यांची सुटका झाली. ऐतिहासिक चित्रपटाचे तसे नव्हते. बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ (१९२३), पुढे भालजी पेंढारकरांचे शिवकालीन चित्रपट, यांना धावणारा घोडा खराच लागे. कोल्हापूरसारख्या संस्थानी गावात चित्रपट रुजला, त्यामागे घोडे, घोडेस्वार, हत्यारे आणि वाडे हाताशी असणे हेही एक कारण होतेच. मात्र त्या काळाच्या आठवणींत घोडे येतात ते संख्येने आणि अभिमानाने: इतके घोडे होते, इतके स्वार होते. एखादा घोडा पडला तर स्वाराला काय लागले ते आपल्याला कळते.

‘सिंहगड’ ज्या कथेवर उभा आहे तिच्यातली यशवंती घोरपड इथे आठवते. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीमुळे सिंहगडाची ही कथा सुशिक्षित वाचकांच्या घराघरांत गेली. घोरपडीच्या कमरेला दोर बांधून कडा चढण्याचा प्रसंग तर शाहिरांच्या तोंडी आधीपासूनच होता. तीच घोरपड आज वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहे. पोवाड्यात तिने शौर्य गाजवले. चित्रीकरणासाठी तिला दोर बांधायला गेलात तर तुरुंगाची वाट आहे.

घोड्यांच्या बाबतीत जगाला जाग आली ती १९३०च्या दशकात. हॉलिवूडमध्ये घोडा पाडण्याची एक रूढ युक्ती होती. त्याच्या पुढच्या पायांना तारा बांधायच्या, त्यांचे दुसरे टोक जमिनीत पुरलेल्या वजनाला जोडायचे आणि घोडा भरधाव सोडायचा. तार संपली की घोडा तोंडावर आदळे, पडद्यावर ते पडणे फार खरे दिसे, कारण ते खरेच असे. ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ (१९३६) या चित्रपटात या आणि अशा प्रकारांनी पंचवीसच्या आसपास घोडे दगावले अथवा मारावे लागले, असे सांगितले जाते. या चित्रपटाचा बराचसा भाग हिंदुस्थानच्या सरहद्दीवर घडतो, एक कल्पित खलनायक राजाही त्यात आहे. म्हणजे आपल्या नावावर कॅलिफोर्नियात घोडे मरत होते. ब्रिटिश संसदेने १९३७ साली कायदा केला, की ज्या दृश्याच्या चित्रीकरणात प्राण्याला क्रूरपणे वेदना वा भय दिले गेले, ते दृश्य दाखवता येणार नाही. इथे गुन्हा प्रदर्शनाचा आहे हे लक्षात घेण्याजोगे आहे. चित्रीकरण जगात कुठेही होवो, ब्रिटनमध्ये पडद्यावर ते येणार नाही. याच कायद्यामुळे पुढे अनेक हिंदी चित्रपटांतली घोडे पडण्याची दृश्ये तिथल्या प्रमाणन मंडळाने कापली. आपल्याकडे टाळ्या घेणारे दृश्य लंडनच्या प्रेक्षकाला दिसलेच नाही. अमेरिकेत ‘जेसी जेम्स’ (१९३९) या चित्रपटात कड्यावरून पाण्यात लोटलेल्या घोड्याच्या मृत्यूने गदारोळ झाला आणि १९४० पासून तिथल्या प्राणिदया संस्थेची माणसे चित्रीकरणावर नजर ठेवू लागली. ‘या चित्रपटात कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही’ ही पाटी त्या देखरेखीतून जन्मली.

आपल्याकडचा रस्ता वेगळा. मुंबईत प्राणिदया नवी नव्हती: क्रूरता प्रतिबंधक संस्था १८७४ पासून, परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३ पासून आणि वसाहतकालीन कायदा १८९० पासून. पण या सगळ्यांचे लक्ष्य होते रस्त्यावरचा टांग्याचा घोडा आणि ओझ्याखाली दबलेला बैल. रंजनासाठी राबवला जाणारा प्राणी हा स्वतंत्र प्रश्न आहे, हे भारतीय कायद्याने मान्य केले ते १९६० च्या अधिनियमात. त्यामागचा आग्रह रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा. पन्नाशीच्या दशकात राज्यसभेत त्यांनी खासगी विधेयक मांडले, नेहरूंनी सरकारी कायद्याचे आश्वासन दिले आणि अखेर ‘प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम’ झाला. १९६२ मध्ये पशुकल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्याच पहिल्या अध्यक्ष झाल्या. रंगमंचावर आयुष्य घालवलेल्या नर्तिकेच्या प्रयत्नातून आलेल्या कायद्यात ‘खेळ करून दाखवणारा प्राणी’ या विषयाला स्वतंत्र प्रकरण मिळाले, हा योगायोग मानायला माझे मन तयार होत नाही. जो देह दुसऱ्यांनी पाहावा म्हणून तयार केला जातो, त्याला त्या तयारीत काय सोसावे लागते, हे नर्तिकेइतके कोणाला कळणार?

कायदा झाला, तरी चाळीस वर्षे चित्रपटसृष्टीला त्याची झळ लागली नाही. कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड होता दहा ते पन्नास रुपये. १९९८ मध्ये केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. सर्कसवाले न्यायालयात गेले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. दरवेशी आणि माकडवाले मात्र न्यायालयात जाण्याच्या स्थितीत नव्हते. त्यांचे पिढीजात पोट त्या अधिसूचनेत गेले, आणि त्यांच्याविषयी लिहायला आपल्या साहित्याला अजून सवड झालेली नाही.

त्याच २००१ साली खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आले. ते मुळातून वाचावेत अशी माझी शिफारस आहे, कारण सरकारी गद्यात इतके चित्रमय लेखन विरळा. प्राण्याला रस्त्याने सलग आठ तासांपेक्षा जास्त वेळ न्यायचे नाही. कृत्रिम प्रकाश ५०० लक्सपेक्षा अधिक नको. घोडा पाडण्यासाठी तार वा खड्डा नको. नाळ ठोकल्याशिवाय घोड्याला टणक जमिनीवर चालवू नये. गुळगुळीत फरशीवर प्राणी उभा करायचा तर खाली न घसरणारी चटई हवी. सापाला डांबरी वा तापलेल्या पृष्ठभागावरून सरपटायला लावू नये. काम करावे म्हणून उपाशी ठेवू नये. गाभण, आजारी, जखमी जनावर वापरू नये. आणि पक्षी पिंजऱ्यात दाखवू नये. प्रत्येक निषेधामागे एक घडलेला प्रकार आहे. डांबरी रस्त्यावरचा साप नियम करणाऱ्याला स्वप्नात दिसलेला नाही. भर उन्हात तो कोणीतरी रस्त्यावर सोडला होता. या अर्थाने हे नियम म्हणजे भारतीय चित्रपटाचा एक उलटा लिहिलेला इतिहास आहे. ज्या वेदनेची नोंद आठवणींच्या पुस्तकांत नाही, ती इथे ‘करू नये’ या क्रियापदाच्या आड उभी आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने थबकावे असे एक कलम या नियमांत आहे. चित्रपटासाठी प्राणी देणाऱ्या मालकाने आगाऊ माहिती द्यायची: प्राण्याची जात, वय, प्रकृती, तो काय करणार, किती वेळ करणार, त्याला कसे शिकवणार, सोबत पशुवैद्यकाचा दाखला. आणि आणखी एक गोष्ट: या चित्रपटात हा प्राणी वापरण्याचे समर्थन. म्हणजे हा प्राणी इथे कशासाठी आहे? हा प्रश्न आपण वर्गात विचारतो. कथेतला बैल वातावरणासाठी आहे, प्रतीक आहे, की पात्र आहे? विद्यार्थी चार ओळी लिहितात, आपण गुण देतो. तोच प्रश्न शासनाने छापील अर्जात विचारला आणि उत्तरावर एका सजीवाचा दिवस कसा जाणार हे ठरू लागले. समीक्षेच्या प्रश्नाला इतके वजन क्वचितच आले असेल.

हा कागद खऱ्या अर्थाने चालू झाला तो २००५ मध्ये. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर प्रमाणन मंडळ प्राणी असलेल्या चित्रपटांकडे पशुकल्याण मंडळाचे ना-हरकत प्रमाणपत्र मागू लागले. लगेच पुढच्या वर्षी ‘रंग दे बसंती’वरून वाद झाला; निहंगांच्या घोडदौडीचे सुमारे वीस सेकंदांचे दृश्य मनेका गांधींच्या आक्षेपानंतर वगळले गेले. मोठ्या निर्मात्याला वीस सेकंद जड नसतात. जड झाले ते लहान मराठी निर्मात्याला. मंडळाचे कार्यालय तेव्हा चेन्नईत होते, नंतर ते हरियाणात बल्लभगडला गेले. खेड्यात चित्रीकरण करताना गोठ्यातली गाय, अंगणातली कोंबडी, पारावरचे कुत्रे चौकटीत येणारच. कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणसाखेरीज कोणताही सजीव. कोंबडीच्या दाखल्यासाठी चेन्नईला पत्रव्यवहार करायचा, ही तक्रार हास्यास्पद वाटली तरी खोटी नव्हती. तरीही ती पुरती मान्य करायला मी तयार नाही. नटाशी करार करताना कोणी कागदाची तक्रार करत नाही. जनावराचा कागद तेवढा जाचक वाटतो, कारण जनावर हे आपल्या लेखी सामान असते आणि सामानाला कोणी करारपत्र देत नाही.

उमेश कुलकर्णी यांचा ‘वळू’ (२००८) या काळातला. कुसवडे गावात देवाला सोडलेला डुरक्या वळू, त्याच्या नावावर खपवलेले सगळ्यांचे अपराध, त्याला पकडायला आलेला वनाधिकारी, आणि या मोहिमेचा माहितीपट काढायला सोबत आलेला त्याचा धाकटा भाऊ. या भावाच्या कॅमेऱ्याकडे समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. गाव त्या कॅमेऱ्यासमोर बोलते, सजते, खोटे सांगते. वळूला मात्र कॅमेरा कळत नाही, त्यामुळे अख्ख्या गावात अभिनय न करणारा तो एकटाच आहे. कायद्याला नेमका हाच पेच सुटत नाही. जो अभिनय करत नाही त्याला ‘खेळ करणारा’ म्हणावे लागते, कारण त्याच्या असण्याचे तिकीट लावले जाते.

जुलै २०११ मध्ये केंद्राने त्या बंदीच्या यादीत बैलाचीही भर घातली. निशाणा होता जल्लीकट्टू आणि शर्यतींवर, पण शब्द होता ‘बैल’ आणि तो चित्रपटालाही लागू पडत होता. ‘वळू’ तीन वर्षे उशिरा निघाला असता तर त्याला समर्थनाच्या कलमापर्यंत तरी पोचता आले असते का, हा रास्त प्रश्न आहे. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, २०१७ मध्ये महाराष्ट्राने आपल्यापुरता कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो बदल वैध ठरवला.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात चिखल नांगरणीच्या स्पर्धा होतात. संगमेश्वर-चिपळूणकडच्या गावांत शेताच्या बांधावर माणसांची दाटी होते आणि जोड्या चिखल उडवत धावतात. एक बैलजोडी कल्पनेत धरा. सोमवारी ती मालकाच्या मळ्यात नांगर ओढते, ते शेतीकाम. बुधवारी तीच जोडी स्पर्धेत उतरते. ती परंपरा, आणि तिचे नियम वेगळे. शुक्रवारी कोणी दिग्दर्शक तिला त्याच मळ्यात, त्याच नांगराला, सोमवारपेक्षा निम्म्या वेळापुरती जुंपून चित्रित करतो. आता ती खेळ करणारी झाली, आता दाखला हवा. बैलाच्या मानेला तिन्ही दिवस जू तेच. शुक्रवारची दक्षता ढोंगी ठरवून निकालात काढणे सोपे आहे. मला उलटे वाटते: शुक्रवारी पशुवैद्यकाने त्या मानेवरचा घट्टा पाहिला, तर तो सोमवारपासूनचा आहे हे निदान एका कागदावर उतरेल.

कोकणातल्या अंगणातला कावळा याहून अवघड. महेश मांजरेकर यांच्या ‘काकस्पर्श’मध्ये (२०१२) पिंडाला कावळा शिवण्यावर संपूर्ण कथेचा भार आहे. वन्यजीव अधिनियमात साधा कावळा २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होता, उंदीर-घुशींच्या शेजारी; म्हणजे त्या कायद्याने त्याला मारायला आडकाठी नव्हती. पण चित्रपटाच्या नियमांत तोही प्राणीच, आणि त्याच्या प्रकृतीची चौकशी आवश्यक. धर्मशास्त्रात तो पितर, एका कायद्यात उपद्रव, दुसऱ्यात कलाकार. पिंजऱ्यातल्या राघूचेही असेच. जुन्या कथा-कादंबऱ्यांतल्या वाड्याच्या ओसरीवर तो हमखास टांगलेला असतो. आजच्या नियमांनुसार त्या वाड्याचा चित्रपट करायचा तर पिंजरा उतरवावा लागेल. वास्तववाद्यांना हे खटकेल. वाचकाला पिंजऱ्याची किंमत पडत नाही, कारण शब्दांतल्या राघूला पंख नसतात.

कादंबरी आणि चित्रपट यांतला हा फरक आपण रूपांतराच्या चर्चेत क्वचितच काढतो. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये (१९८२) वानरांच्या टोळ्यांतली जीवघेणी लढाई लिहिली, एकाही वानराला ओरखडा उमटला नाही. ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळात मेंढरे मरतात, वाडी उठते. अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये तिचा चित्रपट केला तेव्हा कळप खराच लागला. कादंबरीकाराने एका वाक्यात मारलेले मेंढरू पडद्यावर मारता येत नाही, मारू नये. तिथे दिग्दर्शकाला आडवाटेने जावे लागते, रिकामा वाडा दाखवावा लागतो. ही मर्यादा कलेला पोषक ठरते असे माझे मत आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला (२०१३) शेवटचा डुक्करांचा पाठलाग आठवा. राष्ट्रगीत सुरू होते, जब्याचे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. त्या प्रसंगाची सगळी ताकद डुक्कर न पकडले जाण्यात आहे.

इजा आजही होते. ऑगस्ट २०२१ मध्ये हैदराबादजवळ ‘पोन्नियिन सेल्वन’च्या चित्रीकरणात एक घोडा मेला आणि निर्मितीसंस्थेवर व घोड्याच्या मालकावर गुन्हा नोंदला गेला. कालियाप्रमाणे बनवलेल्या प्राण्यांकडे चित्रपट पुन्हा वळला आहे. ‘आरआरआर’मधले (२०२२) वाघ-बिबळे संगणकाने घडवलेले आहेत. इकडे शेतांत ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आले, बैल कमी झाले. बैल मळ्यातून आणि पडद्यावरून एकाच सुमारास मागे सरकत आहे.

‘बनगरवाडी’त शेकूची जोडी पुरी होत नाही, तेव्हा त्याची बायको बैलाशेजारी जुवाखाली खांदा देते. हा प्रसंग उद्या कोणी नव्याने चित्रित करायला घेतला, तर जुवाच्या एका बाजूला उभ्या असलेल्या बैलाचे वय, प्रकृती, कामाचे तास आणि त्याच्या वापराचे समर्थन अर्जात भरावे लागेल. दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या बाईसाठी त्या अर्जात रकाना नाही.